क्रमांक एक, मुक्काम आसगाव

माझ्या नवऱ्याकडे जॅझच्या नऊशेच्या वर रेकॉर्डी होत्या आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांतली एकही मी बसून ऐकली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचा मी रसिक वगैरे असल्याचा गैरसमज नको. मी शाळेत भूगोल शिकवला. माझ्या लेखी जॅझ म्हणजे रविवारी सकाळी बंद दाराआडून येणारी कटकट.

अविनाश, म्हणजे माझा नवरा, श्रावणात गेला. दिवसपाणी उरकल्यावर मी त्या खोलीत शिरले. भिंतभर रेकॉर्डी, प्रत्येकीला नंबर, आणि टेबलावर वही. कुठली रेकॉर्ड, कोण वाजवतंय, कुठल्या फुटपाथवर मिळाली, सगळं टाकानं लिहिलेलं. नंबर दोनपासून पुढं सगळ्या जागच्या जागी. एक नंबरच्या जागी बोटभर फट होती आणि वहीत एक नंबरपुढं एवढंच लिहिलं होतं: ‘आसगाव’.

आसगाव मला माहीत होतं ते पत्त्यापुरतं. दर दसऱ्याला अविनाश एक चिमुकलं पार्सल माझ्या हातात द्यायचा, ‘जाता जाता पोस्टात टाक.’ दशरथभाऊ, मंडप डेकोरेशन, मु. आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा. तो नोकरीच्या सुरुवातीला पवनीला पाटबंधारे खात्यात होता, त्यामुळे तिथल्या कुणा ओळखीच्यासाठी एखादा यंत्राचा सुटा भाग असेल असं समजून मी ते इतकी वर्षं टाकत आले. विचारलं कधीच नाही. आता ड्रॉवरमध्ये तसंच एक पार्सल मिळालं, पत्ता घालून तयार, टाकायचं राहिलेलं. उघडलं तर आत रेकॉर्ड प्लेअरची सुई.

लेक म्हणाली, “आई, कुरिअर कर ना.” मी म्हटलं, नाही, मी जाणार. सुई देणार आणि एक नंबरची रेकॉर्ड घेऊन येणार. का, ते तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

लग्नानंतर मी पवनीच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेमतेम आठ महिने राहिले. पुण्याची मुलगी, ओळखीचं कुणी नाही, नवरा दिवसभर साइटवर. दिवाळी तोंडावर आली तेव्हा मी त्याला म्हटलं, मला माहेरी पोचव. मी बोलतेय आणि हा प्लेअरपुढं मांडी घालून बसलेला, डोळे सुईवर. मुंबईहून आणलेली त्याची पहिली रेकॉर्ड लावली होती, कुणीतरी ट्रम्पेट वाजवत होता. माझं डोकं फिरलं. मी पुढं झाले, सुईची दांडी धरली आणि खसकन ओढली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. अविनाशनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी निघाले, ती परत पवनीला गेलेच नाही. सहा महिन्यांनी त्याची बदली झाली आणि तो पुण्याला आला. त्या रेकॉर्डचं काय झालं असं एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, “एकाला दिलीय.” पुढं ना तो काही बोलला, ना मी.

पवनी

नागपूरहून पवनीला उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. क्वार्टर शोधायला गेले तर तिथं आता मोबाइलचं दुकान आणि पिठाची गिरणी. गिरणीवाल्याला विचारलं, इथं सरकारी क्वार्टर होती ना? तो म्हणाला, “माह्या जन्माच्या आंधीची गोष्ट असन माय.” मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ज्या घरावर इतकी वर्षं राग धरला, ते रागवायला शिल्लकच नव्हतं.

हॉटेलात पोहे मागवले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर; इथं वरून लालभडक चण्याचा रस्सा ओतून देतात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. दुकानदारीण पाण्याचा पेला पुढं करत म्हणाली, “सवय नाई जी तुमाले.” मी हट्टानं बशी संपवली. लग्न होऊन आले तेव्हा हेच पोहे मी बशीत तसेच टाकून दिले होते, आणि अविनाशनं ते निमूट खाल्ले होते.

मग वैनगंगेवर गेले. दिवाळी नुकतीच झाली होती, पाणी अजून भरलेलं, नितळ. घाटावर बसले. नवविवाहित बाईला इतक्या सुंदर नदीकाठी रडायला येतं याचं आता आश्चर्य वाटतं. पण तेव्हा यायचं खरं.

आसगाव

दुसऱ्या दिवशी एसटीनं आसगाव. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. निम्मं धान कापून झालेलं, कापलेल्या पेंढ्या ओळीनं वाळत घातलेल्या. जवळची वाट म्हणून मला एकीनं बांधावरून जायला सांगितलं आणि मी पाचव्या पावलाला बांधीच्या चिखलात उतरले. चप्पल आत राहिली. वाकून, हात घालून, ती उपसून काढली आणि कोपरापर्यंत चिखल घेऊन दशरथभाऊंच्या अंगणात उभी राहिले.

अंगणात लाउडस्पीकरचे चार पोंगे नवा चंदेरी रंग देऊन वाळत ठेवले होते. त्यांच्यामध्ये सत्तरीचे एक गृहस्थ वायरला चिकटपट्टी गुंडाळत बसले होते.

“दशरथभाऊ का?”

“मीच जी. आपण?”

“पुण्याहून आले. अविनाश इंजिनिअर पवनीला होते ना, त्यांची मी...”

ते ताडकन उठले. “मॅडम! साहेब कोठी हायेत? मांगून येऊन राहिले का?” आणि माझ्या मागं, रस्त्याकडं पाहू लागले.

हे कसं सांगायचं ते मी ठरवून आले नव्हते. वाटलं होतं, त्यांना माहीत असेल. कोण कळवणार होतं? मीच.

“साहेब गेले, भाऊ. श्रावणात.”

ते खाली बसले. हातातली चिकटपट्टी बोटाला चिकटलेली, ती काढायचंही त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, “मले वाटलं, पोस्टातच काई झालं असन. सुई आली नाई तं मी पोस्टमनवर खेकसलो. चार खेपा त्याले तरास देल्ला.” मग आत हाक मारली, “सुनंदा, मॅडमले पाय धुवाले पाणी आन. साहेबाच्या घरच्या हायेत.”

सुनंदा त्यांची सून. तिनं माझा हात आपल्या हातात घेऊन चिखल धुतला, जसा लहान मुलाचा धुवावा. मी नको नको म्हणत राहिले आणि ती धूत राहिली.

पर्समधून पार्सल काढून मी भाऊंपुढं ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांत घेतलं, वरचा पत्ता वाचला. अक्षरावरून अंगठा फिरवला. “आली तं खरी,” म्हणाले. “जुनी गनपतीतच मोडली. यंदा मंडईचं कसं होते, याच फिकरीत होतो.”

मला गोष्टी लांबवता येत नाहीत. मी म्हटलं, “भाऊ, मी रेकॉर्ड न्यायला आलेय. एक नंबरची. तेवढीच एक घरी नाही.”

चहाचे कप घेऊन आलेली सुनंदा उंबऱ्यातच थांबली. भाऊ माझ्याकडं पाहत होते.

“तुमचीच हाय जी,” ते म्हणाले. “नेजा. पन उद्या मंडई हाय. तेवढी होऊ द्या.”

जेवताना मला सगळं समजलं. ताटात चिन्नोर तांदळाचा भात, त्याचा वास ओसरीपर्यंत आलेला, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि तलावातले झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी. मी पुण्यात मोजून एक वाटी भात खाते. सुनंदानं तिसऱ्यांदा वाढला तेव्हा मी हात आडवा केला, तर म्हणाली, “काहून जी? बिमार हाय का?” निमूट खाल्ला.

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, दंडार होते, म्हणजे गावातलेच पुरुष सोंगं घेऊन नाचत-गात गोष्ट सांगतात. पण आधी मांडवाच्या खांबाशी नारळ फुटतो आणि त्याआधी पोंग्यावर देवाची रेकॉर्ड लागते. भाऊ तेव्हा तरुण होते, धंदा नवा. ऐन मंडईच्या दिवशी त्यांच्या हातून देवाची एकुलती एक रेकॉर्ड पडून फुटली.

“सायकल मारत पवनीले गेलो,” भाऊ म्हणाले. “दूरदूरवर रेकॉर्डी एका साहेबाजवळच. म्हटलं, कोन्ती बी द्या जी, पोंग्यातून आवाज आला पाहिजे. साहेब एकटेच होते. समोरच एक पडली होती, ते उचलून देल्ली. म्हने, ‘थोडी खराब आहे, चालेल?’ मी म्हटलं पळंन.”

मी भातात बोटं घालून बसून राहिले. कुठली दिवाळी ते मला विचारायची गरज नव्हती.

“मांडवात लावली. तुतारीवानी काईतरी वाजाले लागलं. लोकं पाहूनच राह्यले. अन् मंग तं अटकली! तेच तेच, तेच तेच. माह्या अंगाले घाम. पाटील खांबापाशी नारळ घेऊन उभे. त्यायले वाटलं, हेच खूण हाय. त्यायनं नारळ हानला. एका घावात दोन भकलं! मी घाबरून बोटानं सुई सरकवली, तं बाजा पुढं निंगाला. सारे म्हनत, वा रे वा.”

त्या वर्षी धान चांगलं झालं. पुढच्या वर्षी भाऊंनी देवाची नवी रेकॉर्ड आणली, तर पाटील म्हणाले, ती नको, मागची लाव. तेव्हापासून आसगावात मंडईचा नारळ अमेरिकेतल्या कुणा ट्रम्पेटवाल्याच्या सुरांवर फुटतो. रेकॉर्ड अडकली की नारळ फोडायचा, फुटला की भाऊंनी सुई सरकवायची. मोठमोठे डीजे आले, पहिला मान हिचाच.

“आमच्या ह्यायनं एक साल पेनड्राइवमंदी भरून आनलं,” सुनंदा नवऱ्याबद्दल म्हणाली. “तं ते अकरा बार अटकून आपोआप पुढं निंगून गेलं. नारळ हातातच राह्यला! सारं गाव चिल्लावलं. कोनीतरी सरकवाच लागते जी, तवाच बरोबर होते.”

सगळे हसले. मीही हसले असेन. मग भाऊंनी पेटीतून ती काढून आणली, धुतलेल्या मऊ धोतरात गुंडाळलेली. काळ्या रेकॉर्डवर कडेपासून आतपर्यंत पांढरट, तिरकी चीर. मी तिच्यावर बोट ठेवलं. नखाला लागली.

“भाऊ, ही चीर मी पाडलीय,” मी म्हटलं.

“मालूम हाय जी,” भाऊ शांतपणे म्हणाले. “साहेबानं सांगतलं होतं.” आणि ते नवी सुई बसवायला उठले.

म्हणजे त्यानं इथं सांगितलं होतं. पुण्यात, माझ्याशी, कधीच नाही. मला इतका राग आला म्हणून सांगू! मेलेल्या माणसावर राग धरणं किती अवघड असतं, ते त्या दुपारी कळलं.

मंडई

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाव भरलं. बांगड्यांची, जिलब्यांची दुकानं, ठिकठिकाणी उभ्याउभ्या सोयरिकीची बोलणी. कुणाची कोण म्हणून मला बायका विचारत होत्या आणि सुनंदा प्रत्येकीला ‘सुईवाल्या साहेबाच्या’ असं सांगत होती. त्यावर बाया आपणहून सरकून मला जागा देत.

ऊन कलू लागलं तशी भाऊंनी मला प्लेअरजवळ बोलावून घेतलं. जुनं लाकडी खोकं, पट्ट्यांनी बांधलेलं. खांबाशी पाटील उभे, पहिल्या पाटलांचे चिरंजीव, तेही म्हातारे. भाऊंनी रेकॉर्ड लावली. चारी पोंग्यांतून आधी खरखर, मग ट्रम्पेट. एकटंच. सावकाश एकेक पायरी चढल्यासारखं. गडबड हळूहळू थांबली. जिलबीवाल्याचा झारासुद्धा थांबला. सगळं गाव कान देऊन त्या जागेची वाट पाहत होतं, आणि त्यांना सगळ्यांना ती जागा माझ्याआधी कळत होती.

ट्रम्पेट चार सूर वर चढलं आणि अडकलं. पुन्हा ते चार सूर. पुन्हा ते चार सूर. बेचाळीस वर्षांपूर्वी मी नेमकी इथंच दांडी ओढली होती. माझं भांडण दरवर्षी चार पोंग्यांवरून गावाला ऐकू जात होतं आणि गाव त्याच्यापुढं नारळ धरून उभं राहत होतं.

नारळ फुटला. भाऊ पुढं झाले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, “यंदा तुमी सरकवा जी.”

“नको, भाऊ. पुन्हा खराब होईल.”

“नाई होत. हळूच. बोट लावाचं फक्त.”

चार सूर फिरतच होते. लोक पाहत होते. मी बोट लावलं. दांडी किती हलकी असते! त्या दिवशी मला ती लोखंडाची वाटली होती. जरासं पुढं सरकवलं तशी सुई टुणकन उडून पुढं पडली आणि संगीत मध्येच कुठूनतरी सुरू झालं, ढोल, बाजे, सगळं एकदम. मांडवात एकच गलका उठला. दंडारीवाले घुंगरं वाजवत आत आले. एका आजीनं येऊन माझ्या कपाळाला गुलाल लावला. मी विधवा आहे हे तिला माहीत होतं. तिनं लावला आणि पुढच्या बाईकडं गेली.

मी बराच वेळ तिथं बसून रडले. कुणी गप्प करायला आलं नाही, त्यांचे उपकार आहेत.

निघताना

सकाळी भाऊंनी धोतरात गुंडाळलेली रेकॉर्ड माझ्यापुढं आणून ठेवली. शब्दाचा पक्का माणूस. सुनंदा पाठ फिरवून उगाच अंगण झाडत होती.

मी म्हटलं, “राहू द्या, भाऊ. ती इथलीच आहे. सुया मी पाठवीन दर दसऱ्याला.”

अंगणातला झाडू थांबला. भाऊ आत गेले आणि दुसरी एक रेकॉर्ड घेऊन आले. कव्हरसकट, कोरी. कव्हरवर डोळे मिटून ट्रम्पेट वाजवणारा माणूस. तोच.

“साहेब एक बार आले होते,” ते म्हणाले, “पंधरा-सोळा सालं झाले असन. हे नवी घेऊन, बदलून न्यायले. म्हटलं, साहेब, हे अटकत नाई, आमच्या कामाची नाई. साहेब लय हासले. बोलले, ‘बरोबर आहे तुमचं. मलाही तीच आवडते.’ तवाच सांगतलं त्यायनं, का चीर तुमच्या हातची हाय. अन् हे कोरी ठेवून गेले. म्हने, ‘मॅडम कधी आल्याच इथं, तर त्यांना द्या. नाही आल्या तर राहू द्या.’”

“घरात द्यायला काय झालं होतं त्याला?” मी केवढ्यांदा ओरडले! “एका घरात राहत होतो आम्ही! मी काय खाणार होते?”

भाऊ खाली पाहत म्हणाले, “मीबी हेच बोललो जी. तं म्हने, ‘ती आपणहून आली पाहिजे.’”

एसटी आली. सुनंदानं पिशवीत पायलीभर चिन्नोर कोंबला आणि मी रेकॉर्ड छातीशी धरून खिडकीत बसले.

पुणे

रविवारी सकाळी मी खोलीचं दार उघडं ठेवलं. अविनाश करायचा तशी रेकॉर्ड कडेनं धरली, मखमलीच्या फडक्यानं पुसली, लावली आणि त्याच्यासारखी जमिनीवर मांडी घालून बसले. गुडघे दुखले. खरखर अजिबात नव्हती. ट्रम्पेट एकटंच सुरू झालं, सावकाश, ओळखीचं. आता मला ती जागा आधी कळत होती. चार सूर वर चढू लागले तसं माझं बोट आपोआप पुढं गेलं.

सुई अडकली नाही. ट्रम्पेट चौथ्या सुरावर पोचलं, थोडा वेळ तिथं राहिलं आणि थांबलं. मग अगदी हळू आवाजात पियानोनं त्याला उत्तर दिलं. हे उत्तर आसगावात कुणी ऐकलेलं नाही, पवनीला मी ऐकू दिलं नव्हतं. माझं बोट तसंच हवेत राहिलं होतं. सरकवायला काही नव्हतं.

रेकॉर्ड संपेपर्यंत मी उठले नाही. मग ती एक नंबरच्या जागी ठेवली आणि वहीत ‘आसगाव’च्या खाली टाकानं लिहिलं: ‘ऐकली.’